ऊन पाण्याची मागणी

मी गाव सोडलं त्या दिवशी आईनं मला लहान मुलासारखं न्हाऊ घातलं. ओठावर मिशी आलेला मुलगा मी, आणि तिनं मला न्हाणीत पाटावर बसवून पाठ चोळायला घेतली. चुलीत नारळाची सोडणं धुमसत होती. हंड्यात निगडीचा, म्हणजे निर्गुडीचा पाला उकळून पाणी हिरवट झालं होतं आणि त्याचा कडू वास घरभर भरला होता. बाहेर ओटीवर माझी पत्र्याची ट्रंक, तिच्यावर तांदळाचं गाठोडं, आणि मला देवगडच्या बंदरापर्यंत पोचवायला आलेले दोघे शेजारी बिड्या ओढत बसलेले.

"आये, बोट चुकतली," मी म्हटलं.

"चुकांदे," ती म्हणाली आणि आणखी एक तांब्या डोक्यावर ओतला.

मग पंचा हातात देताना तिनं खरं काय ते सांगितलं. "दादाक सांग, थय पण ऊन पाणी घे. दिसभर पाण्यात उभो रवता म्हणतत तो. तेका ऊन पाणी मिळता काय नाय, तां तू बघ. माका दुसरा काय नको."

आमच्याकडे गरम पाण्याला ऊन पाणी म्हणतात. ऊन भात, ऊन पेज, ऊन पाणी. दुसऱ्या आया मुंबईला निघालेल्या मुलाला सांगतात की मनिऑर्डर चुकवू नको, वाईट संगत धरू नको. माझ्या आईनं एवढं एकच काम सांगितलं. ते पार पडलं नाही. कसं पडलं नाही ते तुम्हांला सांगायला बसलोय, गावात राहिलेल्यांना आणि माझ्यासारखे ट्रंक उचलून इकडे आलेल्यांना. मी पत्रकं लिहिणारा माणूस. गोड लिहिता येत नाही, तेव्हा गोड नाही म्हणून कोणी रुसू नये.

दादा माझ्याहून बराच मोठा. वडील गेल्यावर तोच आधी मुंबईला आला आणि मुलुंडच्या पुढे एका लोकरीच्या गिरणीत धुलाई खात्यात लागला. गिरणीचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं तर भांडण त्या एका गिरणीशी आहे असं तुम्हांला वाटेल.

धुलाई खातं म्हणजे काय, ते गावात कोणाला ठाऊक नव्हतं. आम्ही समजायचो दादा लोकरीच्या गिरणीत आहे म्हणजे उबेत आहे. आईला तर वाटायचं तिथं घोंगड्या पडलेल्या असतील, बसत असेल त्यावर; पाण्यात उभा राहतो एवढं तिच्या कानावर आलं ते मी निघायच्या जरा आधी. खरं असं की मेंढीच्या अंगावरून उतरलेली लोकर चिकट, घाण, शेणानं माखलेली येते. ती आधी सोड्याच्या आणि साबणाच्या कढत हौदात ढवळायची, मग थंड पाण्याच्या हौदांतून एकामागून एक काढायची. दादा थंड हौदांवर. कोपरापर्यंत हात पाण्यात, पाय घोट्यापर्यंत पाण्यात, पाळी सुटेपर्यंत. मी पहिल्यांदा त्याला भेटलो तेव्हा त्यानं माझा हात हातात घेतला आणि मला वाटलं कोणी ओला मासा हातात ठेवला.

आमची खोली डोंगराच्या अंगाला पत्र्याच्या रांगेत. दादा, मी आणि सखाराम. सखाराम राजापूरकडचा, दादाच्याच खात्यातला, तोंडाळ पण मनाचा मोकळा. मला घाटकोपरला छापखान्यात खिळे जुळवायचं काम मिळालं. खोलीच्या कोपऱ्यात हातभर मोरी. नळ बाहेर, सगळ्या रांगेला एकच, त्याला पाणी पहाटे यायचं ते भरून ठेवायचं. स्वैंपाकाला एक स्टोव्ह. त्या स्टोव्हवर भात झाला की रॉकेल संपतंय की उरतंय याकडे तिघांचे डोळे. गावात जळण झाडावरून पडायचं. माडाची चुडतं पडायची, सोडणं पडायची, सुका पातेरा तर पायाखाली. पाणी तापवायला पैसे पडतात ही गोष्टच मला मुलुंडला येईपर्यंत माहीत नव्हती. मला वाटायचं ऊन पाणी हे पाण्यासारखंच फुकट असतं.

आल्या आल्या मी आईचा निरोप दादाला सांगितला. तो हसला. म्हणाला, "आयेक सांग, घेतंय म्हणान." आणि दोन तांबे थंड पाणी अंगावर घेऊन दात वाजवत कोपऱ्यात बसला. त्याची बोटं मुडपलेली असायची. ती एकेक करून मी उघडायचो, डबीचं झाकण उघडावं तशी. पाळीवरून आला की सदऱ्याचं बटण त्याला काढता येत नसे. सखाराम काढून द्यायचा आणि म्हणायचा, "काय नवरी आहे ही, रोज हिचं बटण मी काढायचं."

इथं एक गोष्ट सरळ सांगतो, कारण मला लोक म्हणतात की तू थंड पाण्याच्या विरुद्ध आहेस. मी नाही. मी स्वतः बारा महिने नळाच्या पाण्यानं आंघोळ करतो आणि मला ते आवडतं. दिवसभर खिळ्यांकडे बघून डोळे आंबतात, तेव्हा डोक्यावर थंड तांब्या घेतला की झकास वाटतं. आईचंही असं काही सोवळं नव्हतं. सकाळी आमचे डोळे उघडत नसले की तीच हाकलायची, "जा विहिरीर." पण लावणीच्या दिवसांत माणसं चिखलातून वर आली की हंडा तयार असायचा, आणि त्या दिवशी कोणी विहिरीकडे वळला तर ती दांडका घेऊन मागे लागायची. कोणत्या अंगाला कोणतं पाणी, हे ती अंगाकडे बघून ठरवायची. मुंबईत हे अंगाकडे बघून ठरत नाही. तुम्ही कुठं राहता त्यावर ठरतं. स्टेशनाजवळच्या पक्क्या इमारतींत सकाळी प्रत्येक बिऱ्हाडात तांब्याचा बंब पेटतो. ऑफिसात जाणारे कारकून, वकील, मास्तर गरम पाण्यानं आंघोळ करून खुर्चीवर बसायला जातात. पाण्यात उभं राहणारे थंड पाण्यानं करतात. बसून काय दुखतं हो त्यांचं?

दादाची बोटं सरळ होईनात तेव्हा मी त्याला जबरदस्तीनं गिरणीच्या डॉक्टरांकडे नेलं. सखारामही आला. डॉक्टर माणूस वाईट नव्हता. हसरा, गोरा, तब्येतीनं खणखणीत. त्यांनी दादाची बोटं दाबून पाहिली आणि विचारलं, "आंघोळ कसल्या पाण्यानं करतोस?"

"थंड," दादा म्हणाला.

"उत्तम. तेच चालू ठेव. गरम पाण्यानं माणूस सुस्त होतो. थंड पाण्यानं रक्त खेळतं. मी बघ, थंडीतसुद्धा पहाटे थंड पाणी घेतो. रविवारी मनोरीला जाऊन समुद्रात तासभर पोहतो. माझ्याकडे बघ जरा."

"बघतोय ना डॉक्टरसाहेब," सखाराम म्हणाला. "तुमच्याकडे बघूनच याला हुडहुडी भरली."

डॉक्टर मोकळेपणानं हसले. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही दिवसभर पंख्याखाली बसता. तुम्हांला थंड पाणी ताजं करतं, मान्य. हा माणूस दिवसभर थंड पाण्यातच उभा असतो. आणखी किती ताजा करणार त्याला?"

"तू कोण?"

"भाऊ."

"शिकलेला दिसतोस. मग हे वाच," असं म्हणून त्यांनी एक छापील पत्रक माझ्या हातात दिलं. थंड पाण्याचे फायदे. मला वाचायची गरज नव्हती. ते आमच्याच छापखान्यात छापलं होतं, त्याचे खिळे मीच बसवले होते. त्यातली एकही ओळ खोटी नव्हती. थंड पाण्यानं झोप उडते, मन उल्हसित होतं, व्यायामानंतरचा शीण जातो. सगळं खरं. फक्त ते आखाड्यातून घरी जाणाऱ्यासाठी लिहिलेलं होतं आणि वाटत होते धुलाई खात्यात. डॉक्टरांशी वाद मी हरलो. त्यांच्याकडे छापील कागद होता, माझ्याकडे दादाची बोटं. कागद जिंकला.

तेव्हा मी ठरवलं की आपणही कागद काढू.

एका रविवारी दुपारी धुलाई खात्यातली माणसं आमच्या खोलीत जमली. जागा नव्हती म्हणून निम्मी दाराबाहेर उकिडवी बसली. मागणी एकच. पाळी सुटल्यावर आंघोळीला गरम पाणी. गिरणीत वाफेचा बॉयलर आहे, कढत हौद आहेत, वाफ रात्रंदिवस छपरातून फुकट उडून जाते. एक नळ काढून द्या, एवढंच. मी लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीवर भांडण लागलं.

"गरम पाणी लिहू नकोस," सखाराम म्हणाला. "साहेब चहा पाठवील."

सातारकडचा एक जण म्हणाला, "आमच्याकडं कढत म्हंत्यात. कढत लिव्हा."

"कढत लिहिलं तर कोंबडीसारखं सोलून काढतील तुला. मग सातारला पिसं पाठवायची काय?"

हसणं झालं. दादा कधी बोलायचा नाही, तो म्हणाला, "ऊन लिही. आये म्हणता तां." आणि खात्यात कोकणातलीच माणसं जास्त, त्यामुळे सगळ्यांनी माना हलवल्या. ऊन म्हटलं की कसं पाणी ते ज्याला त्याला कळलं. कढत नव्हे, कोमट नव्हे. हात घातला की अंग सैल सोडावंसं वाटतं ते पाणी. मी लिहिलं, धुलाई खात्यातील कामगारांस पाळी सुटल्यावर आंघोळीसाठी ऊन पाणी मिळालेच पाहिजे. छापखान्याचं काम आटपल्यावर मालकाच्या परवानगीनं मीच ते जुळवलं. 'ऊन पाणी' मोठ्या टाइपात घेतलं, लांबून वाचता यावं म्हणून. चांगलं दिसत होतं. आईला वाचता येत असतं तर तिला पाठवलं असतं.

पत्रक ऑफिसात देऊन महिना उलटला नसेल, तोच गिरणीच्या मागच्या अंगणात सिमेंटची टाकी बांधायला काढली. आम्ही खूश. मी तर सभेत सांगत सुटलो की बघा, एका कागदानं काय होतं. टाकी झाली, तिला धुलाई खात्यातून एक नळ जोडला आणि लेबर ऑफिसरांनी सांगितलं की कामगारांनी पाळी सुटल्यावर इथं आंघोळ करावी.

त्या दिवशी दादा घरी आला तो गुणगुणत आला. अंगाला मेंढीचा वास असा सुटला होता की शेजारणींनी पदर नाकाला लावले. सखारामनं दारातूनच "बें" केलं आणि म्हणाला, "मेंढरं आली गं, दार उघडा." पण दादाची बोटं सरळ होती. त्यानं स्वतः सदरा काढला. स्वतः भात वाढला, मला आधी. जेवून भिंतीला टेकला आणि बसल्या बसल्या झोपला, तोंड उघडं टाकून, लहानपणी झोपायचा तसा. मी त्याच्याकडे बघत होतो आणि मनात आईला सांगत होतो, मिळालं गो.

पाणी कुठलं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

आमच्या बोलीत ऊन म्हणजे गरम. पण गिरणीत वरची माणसं गुजराती, हिंदी बोलणारी, त्यांच्या तोंडी ऊन म्हणजे लोकर. गासड्यांवर तेच नाव, ऑफिसात तेच नाव. त्यांनी आमची मागणी वाचली ती अशी की धुलाईच्या लोकांना लोकरीचं पाणी पाहिजे. ज्या सोड्याच्या हौदात घाण लोकर ढवळतात त्या हौदाचं वापरून झालेलं पाणी गटारात जायचं, ते त्यांनी टाकीकडे वळवलं. करडं, चिकट, वर चरबीची साय. पण होतं गरम.

आम्ही सगळे ऑफिसात गेलो. लेबर ऑफिसरांनी आमचं पत्रक टेबलावर ठेवलं आणि माझ्या मोठ्या टाइपावर बोट टेकवलं. "ऊन पानी. तुम लोगों ने माँगा, हमने दिया. अब क्या?"

मी म्हटलं, "साहेब, ऊन म्हणजे गरम. गरम पानी."

"गरम नहीं है क्या?"

"गरम आहे. पण घाण आहे ना."

"गरम भी माँगते हो, साफ भी माँगते हो," ते म्हणाले, आणि बाजूच्या कारकुनाकडे बघून हसले. तो कारकून मराठी होता. गिरगावातला. त्याच्या घरी लोकरीला लोकर म्हणत असणार आणि पानातल्या भाताला ऊन भात. साहेबांना पत्रक त्यानंच वाचून दाखवलं होतं. त्याला अर्थ कळला नव्हता असं मला कोणी सांगू नये. सखारामचं म्हणणं वेगळं. तो म्हणतो, कळलं नसेल रे, बारा वर्षं ऊन ऊन ऐकून त्याची जीभ बदलली असेल, माणसाची मुंबईत काय काय वाट लागते. वर म्हणाला, "मराठी राज्य येऊ दे, मग ऊन म्हणजे ऊनच." त्या दिवसांत मैदानामैदानांवर मराठी राज्याच्या सभा चालल्या होत्या. आम्ही दोघंही जायचो. गर्दीत घोषणा देताना मला दर वेळी त्या कारकुनाचा चेहरा दिसायचा. राज्य आलं तर तोही मराठीच.

काही मित्र मला म्हणाले, शब्द चुकला तुमचा. पत्रकात गिरणीच्या भाषेत लिहायला हवं होतं. हे मी आजही कबूल करत नाही. ज्यांचे हात सडतात त्यांनी आपलं दुखणं आपल्या शब्दात मागायचं नाही तर कोणाच्या? ज्याला पाणी द्यायचं असतं तो शब्दाचा अर्थ विचारून घेतो. नसतं द्यायचं तो कोशातला सोयीचा अर्थ काढतो.

पण खरं दुःख पुढेच आहे. तुम्हांला वाटेल पाणी कसलं ते कळल्यावर माणसांनी टाकी सोडली असेल. कोणी सोडली नाही. मी गिरणीच्या त्या अंगणाच्या दारात उभं राहून भाषण केलं. म्हटलं, ही मेहेरबानी नव्हे, हे गटार आहे, एकानंही यात पाय घालू नये. माझ्या समोरून ते एकेक करून टाकीकडे गेले, आणि त्यांच्यात दादा होता. चार-आठ दिवसांत सगळ्यांना खाज सुटली. आधीच थंड पाण्यानं भेगाळलेले हात, त्या भेगांत सोडा गेला. दादाच्या बोटांच्या पेरांवर लाल फोड आले, ते फुटले, ओले राहिले. मी रोज विनवायचो.

"दादा, नको जाव रे थय."

"ऊन आसा ना?"

"अरे पण हात बघ तुझे."

"खाज सोसाक येता," तो म्हणाला. "थंडी हाडात शिरता, ती सोसाक येयना."

  मी त्याला म्हणू शकत होतो की थांब, मी तुला रोज स्टोव्हवर एक बादली तापवून देतो. दोनदा दिलीही. तिसऱ्या दिवशी भात शिजवायला रॉकेल नव्हतं, आणि दादानं स्टोव्ह माझ्या हातातून काढून घेतला. एका बाजूला हाडं, एका बाजूला कातडं. दोन्हींतलं एक निवड म्हणून मुंबईनं त्याला सांगितलं आणि त्यानं हाडं निवडली. डॉक्टरांच्या पत्रकात ही निवड नव्हती. त्यात फक्त थंड आणि गरम, जसं काही सगळ्यांच्या घरात दोन नळ आहेत.

आम्ही युनियनकडे गेलो. तिथले पुढारी आमचेच, चांगले लोक. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, आधी पगाराचा प्रश्न, मग महागाईचा, पाण्यावरून संप केला तर लोक हसतील. मी दुसरं पत्रक काढलं. वाटायला उभा राहिलो तेव्हा गिरणीच्या फाटकावर माणसं ते घेत होती आणि त्यात बिडीचा जाळ धरत होती. त्यांचा दोष नाही. हातच धड नव्हते, कागद धरवत नव्हता.

शेवटी गिरणीनंच टाकी बंद केली. डॉक्टर पाहणीला आले, फोड पाहिले, आणि आरोग्याच्या कारणासाठी टाकी बुजवावी असं त्यांनी लिहून दिलं. बुजवली. त्या जागी आता तुळशीचं वृंदावन आहे, लेबर ऑफिसरांनी हौसेनं बांधलेलं. गरम पाण्याचा दुसरा नळ आला नाही. आणि ज्यांच्या हातांना फोड होते त्यांना खात्यातून काढलं, कारण फोडांतलं पाणी पांढऱ्या लोकरीला लागतं, डाग पडतो. दादाला सांगितलं, घरी जा, बरा झालास की ये. बरा होऊन गेला तेव्हा त्याच्या जागेवर दुसरा होता. बरा म्हणजे कातडी धरली एवढंच. बोटं जिथं मुडपली होती तिथंच राहिली.

या सगळ्यात डॉक्टर एका गोष्टीत बरोबर निघाले, तेही सांगून टाकतो. दादाला आता खरंच थंड पाणीच लागतं. नव्या कातडीला गरम पाण्याचा थेंब लागला तरी आग होते. मी एकदा रॉकेल मिळालं म्हणून मोठ्या आनंदानं बादलीभर पाणी तापवलं, त्यानं हात घातला आणि झटकन काढला. मग माझं तोंड बघून म्हणाला, "आंगार घेतंय, हात बाहेर ठेवन." आणि हात वर धरून बसला. पाणी मी ओतलं. कोणी पोलिसानं धरून आणल्यासारखा दिसत होता.  पुन्हा मी पाणी तापवलं नाही.

आता तो घाटकोपरला एका मोठ्या इमारतीत कामाला आहे. काम काय, सकाळी बिऱ्हाडाबिऱ्हाडांत जाऊन बंब पेटवायचे. निखारे चिमट्यानं टाकायचे, राख काढायची, पाणी तापलं की कडी वाजवून सांगायचं. चिमटा मुठीत अडकतो, तेवढी मूठ त्याच्या हाताला उरली आहे. लोक भले आहेत. एका गुजराती बिऱ्हाडातल्या म्हाताऱ्या बा त्याला रोज चहा देतात, बशीत ओतून, कारण कप त्याला धरता येत नाही हे त्यांनी न सांगता ओळखलं. सगळ्या इमारतीला ऊन पाणी देऊन झालं की अंगणातल्या नळाखाली तो स्वतःची आंघोळ करतो. तिकडे ट्रॉम्बेला अणूतून शक्ती काढणार म्हणून वर्तमानपत्रं भरून येतात. वाचून दाखवलं तर दादा ऐकतो, आणि विचारतो, "म्हणजे कोळसो लागाचो नाय?" त्याला आपल्या नोकरीची काळजी.

मी अजून पत्रकं काढतो. महागाई, घरभाडं, राज्य. लोक म्हणतात तुझी लेखणी पूर्वीपेक्षा धारदार झाली. मला तसं वाटत नाही. पूर्वी मी लिहायचो तेव्हा वाटायचं की हे वाचून कोणी उठेल आणि नळ सोडेल. आता खिळे जुळवताना मी आधी बघतो की या शब्दाचा दुसरा अर्थ काय काढतील. प्रत्येक शब्दाला दुसरा अर्थ असतो. भाकरी म्हटलं तरी असेल. एवढी शंका घेऊन मागणी करता येत नाही, नुसता कागद काळा करता येतो.

तुम्ही विचारता, गावाकडे येत का नाही. गणपतीला सगळे चाकरमानी येतात, तुम्ही दोघंच का नाही. काही जण म्हणता, मुंबईचं वारं लागलं, घर विसरले. घर विसरता आलं असतं तर बरं झालं असतं. मला घराची प्रत्येक पायरी पाठ आहे. पण घर म्हणजे आता आम्हांला एकच गोष्ट दिसते. ओटीवर पाय ठेवला की आई पहिल्यांदा दादाचे हात हातात घेईल. त्याच्यापुढचं आम्हांला दिसत नाही. दादा तिथंच थांबतो, आणि तो थांबला की मीही. एकटा मी जाऊ शकतो, पण एकटा गेलो तर ती विचारील तो का नाही आला, आणि माझं तोंड तिला लगेच वाचता येतं. छापील अक्षर तिला येत नाही, तोंड येतं.

म्हणून आम्ही निरोप धाडतो की रजा मिळाली नाही; दादाची गिरणी सुटली हे तिला कळवलेलंच नाही. गेल्या गणपतीला धाडला, शिमग्याला धाडला. रजा कोणी नाकारलेली नाही. त्या बा तर स्वतःहून म्हणाल्या, "जा ने भाई, आईला भेटून ये, पंधरा दिवस आम्ही काय ते बघू." दादानं मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे बंब पेटवले.

हे लिहिलेलं गावात पोचेल. तुमच्यापैकी कोणी ओटीवर बसून मोठ्यानं वाचाल, आणि आई कुंपणापाशी ऐकत उभी असेल. ती दिसली तर वाचणं थांबवा. विचारील ती, काय लिहिलंय म्हणून. सांगा, पोरगो सभांबद्दल लिहिता. दोघं बरे आसत, पण गिरणीत काम लय आसा, यंदाही रजा मिळाक नाय. एवढंच सांगा. ती जास्त खोदून विचारणार नाही, आणि विचारलंच तर तुम्ही सगळ्यांनी एकच सांगा.